धुऱ्यावरचा पळस

लालसिंग नाईक चहा न घेताच उठले, तेव्हाच विमलताईंनी ओळखलं की या खेपेला गोष्ट घरातल्या घरात मिटणार नाही. बंजारा तांड्याचे हे म्हातारे नाईक, म्हणजे पुढारी. त्यांचं वावर दोन्ही भावांच्या वावराला लागून, आणि धुऱ्याचं, म्हणजे वावरांमधल्या बांधाचं, भांडण त्यांच्या शब्दाशिवाय फुलसावंगीकडे कधी सुटलं नव्हतं. आजवर ते दोन्ही घरचा चहा पीत आले होते. आज कपाला हात लावला नाही.

मामला होता सहा तासांचा. कापसाच्या सहा ओळी, विहिरीपासून पार नाल्यापर्यंत. थोरले वामनराव, म्हणजे विमलताईंचे मालक, म्हणत की ही सहा तासं वाटणी झाली त्या दिवसापासून आपली. धाकटे देवराव म्हणत की भावानं दर साली वखराच्या पोलादी पाशीनं धुरा थोडा थोडा कोरला आणि कोरता कोरता सहा तासं गिळली. दोन वर्षांपूर्वी बोंडअळीवरची तिसरी फवारणी करताना देवराव पाठीवरच्या पंपासकट कापसाच्या पऱ्हाटीत कोसळले, ते उठले नाहीत. माणूस गेला, भांडण मागे राहिलं. ते त्यांच्या बायकोनं, चंदाबाईनं, पदरात घेतलं. पंधरा वर्षांचा पोरगा वणीला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होता आणि निरोपावर निरोप धाडूनही येत नव्हता, म्हणून बाई एकटीच उभी राहिली.

सगळा वाद येऊन अडायचा तो एका पळसापाशी. देवराव सांगत, पळस धुऱ्यावर होता. वामनराव सांगत, पळस आधीपासूनच माझ्या वावरात सहा तासं आत. खरं काय ते ठाऊक असलेली जुनी माणसं एकेक करून मसणात गेली होती.

यंदा लाल्या रोगानं अर्धी पऱ्हाटी वाळवली, आणि दैवाची थट्टा अशी की बरी बोंडं फुटली ती नेमकी त्या सहा तासांवर. तिथली जमीन खोलगट, ओल धरणारी. परवावर सीतादही आली होती. त्या दिवशी पूजा होऊन पहिला वेचा निघणार, मग तिथला कापूस कोणी वेचायचा? चंदाबाईनं सांगून ठेवलं होतं की त्या तासांत पाय टाकील त्याच्यासमोर मी विळा घेऊन उभी राहीन. सरकारी मोजणीची तारीख चार महिने नुसती 'येते येते' म्हणत होती. नाईकांनी निकाल दिला तो असा: उद्या सकाळी सगळ्यांनी वावरात यावं. पुरावा असेल त्यानं पुरावा दाखवावा. नसेल त्यानं धुऱ्याची माती डोक्यावर घेऊन अनवाणी चालावं. तो चालेल तो धुरा.

माती उचलणं हा पोरखेळ नव्हता. खोटी माती घेतली तर वर्ष पालटायच्या आत त्या घरचा कोवळा कोंब जळतो, असं तिकडे लहानथोर सगळेच मानत. विमलताईंची एकुलती एक निकिता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती, सातवा लागलेला. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती.

वामनराव मात्र डगमगले नाहीत. "हातच्या कांकणाले आरसा कायले, नाईक? आमच्या बाईपाशी अठरा सालाचे फोटो हायेत, त्याच पयसाखाली काढेल. उद्या फोटो बी दाखवतो अन् माती बी घेतो."

विमलताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. अठरा वर्षांत त्यांच्या फोटोंचं नाव मालकांच्या तोंडून चारचौघांत मानानं निघालं ते पहिल्यांदाच. खोटं कशाला बोला, त्यांना आनंद झाला.

कॅमेरा त्यांना भावानं दिला होता, अठ्ठ्याऐंशीच्या भाऊबीजेला. भाऊ वणीच्या खाणीत कामाला. दर साली ताटात लुगडं ठेवणाऱ्यानं त्या वर्षी काळ्या कातड्याचं पाकीट ठेवलं. सासू तेव्हा हयात होती; तिनं विचारलं, याच्यात भाकर भाजते का? गावानंही हसून घेतलं. पण त्या चौकोनी भोकातून पाहायचा विमलताईंना जो नाद लागला तो लागलाच. वर्षाला एक रीळ, छत्तीस फोटो, वर एक नाही. छत्तीसच मिळायचे म्हणून त्या आधी नुसत्या डोळ्यांनीच काढून पाहायच्या, आणि दहांतला एक खरा काढायच्या. म्हशीच्या पाठीवर बसलेला कोतवाल पक्षी. पाट्यावर वाटलेल्या मिरचीचा लाल ओघळ. दुपारच्या उन्हात भिंतीवर पडलेली चाळणीची सावली. हे फोटो कोणाला द्यायचे नव्हते की भिंतीवर टांगायचे नव्हते. ट्रंकेत ठेवायचे, आणि जीव उबगला की काढून बघायचे. घरात याला 'बाईचं खूळ' म्हणत. एकदा खूळ म्हटलं की कोणी वाटेला जात नाही, तेवढा त्यात फायदा होता.

रीळ धुवायला महागावला रहमतच्या स्टुडिओत जायचं. लग्नाचे फोटो काढून काढून रहमतचा जीव विटला होता. विमलताईंचं रीळ आलं की तो हातातलं काम सोडून आधी ते धुवायचा. पहिलंच रीळ घ्यायला गेल्या तेव्हा त्यानंच सांगितलं की ताई, एक तस्वीर दर साली एकाच दिवशी, एकाच जागेवर उभं राहून काढत जा. दहा वर्षांनी सगळ्या मांडून पाहा, काय मजा येते. विमलताईंना ते पटलं. दिवस धरला सीतादहीचा, आणि जागा विहिरीच्या तोंडावरच्या मोटेच्या दगडाची. समोर पळस. वाद काहीही असो, घरातली सगळी त्याला जुन्या सवयीनं 'धुऱ्यावरचा पळस'च म्हणत. त्याच्याखाली पाच खडे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, पहिल्या बोंडाचा कापूस वाहायचा, दहीभात ठेवायचा. दोघी जावा मिळून करायच्या. भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते तेव्हाही हे थांबलं नव्हतं. पूजा आटोपली की विमलताई दगडावर चढत आणि एकच फोटो घेत.

दुपारी भांडीकुंडी आवरून त्यांनी ट्रंक उघडली. बाजेवर गोधडी अंथरली आणि अठराही फोटो साल लावून ओळीनं मांडले. निकिता पाट ओढून शेजारी बसली आणि फ्रॉकातली निकिता कुठे, परकरातली कुठे, ते शोधू लागली. सासू पहिल्या तीन फोटोंत होती, चौथ्यात नव्हती. बैलजोडी दोनदा बदलली. चंदाबाई लग्न होऊन आली ती नव्वदच्या फोटोत, लाजून अर्धी झाडाआड.

नव्याण्णवचा फोटो विमलताईंना सगळ्यांत आवडायचा. त्यात देवराव होते. त्या वर्षी देवरावांना पावलं मोजायचं वेड लागलं होतं. पळसापासून धुऱ्यापर्यंत, धुऱ्यापासून पळसापर्यंत, मोठमोठ्यानं आकडे म्हणत चालायचे. पूजेच्या दिवशीही त्यांनी ते आरंभलं आणि वेचायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. विमलताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी बटण दाबलं. एक पाय उचललेला, मान वळवलेली, आणि डोळे थेट समोर. माणूस इतका सरळ कॅमेऱ्यात पाहताना त्यांना दुसऱ्या कुठल्याच फोटोत सापडला नव्हता.

पण आज नाईकांना चेहरे नको होते, धुरा हवा होता. म्हणून विमलताईंनी पहिल्यांदाच माणसं सोडून माणसांच्या मागचं पाहिलं.

अठ्ठ्याऐंशीच्या फोटोत गवताची हिरवी पट्टी सरळ पळसाच्या बुडाखालून गेलेली होती. खोड पट्टीच्या मधोमध, पाच खडेही पट्टीवरच. नव्वदला पट्टी खोडाला घासून पलीकडे. ब्याण्णवला मध्ये हातभर काळी माती. पंच्याण्णवला त्या मातीत पऱ्हाटीची एक ओळ. मग दोन. मग तीन. त्यांनी बोट ठेवत ठेवत मागच्या सालापर्यंत नेलं. सहा ओळी. पळस एकेक पाऊल टाकत त्यांच्या वावरात येत होता. आणि झाड चालत नसतं, हे कळायला काही कोणाला शाळेत जावं लागत नाही.

"आई," निकिता म्हणाली, "हा पयस तं..." आणि तिथंच थांबली. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

विमलताईंनी फोटोवरचं बोट उचललं. दर साली मीच उभी होते, मीच डोळा लावत होते, आणि मला दिसलं नाही. देवराव ओरडून ओरडून हेच सांगत होता आणि आपण त्याचा फोटो काढून हसलो. त्यांना भीतीही वाटली आणि लाजही, आणि दोहोंत लाज जास्त जड होती.

वामनराव गोठ्यातून आले तसे त्यांनी फोटो दाखवले. वामनरावांनी चष्मा लावला. पहिला फोटो उचलला, शेवटचा उचलला, दोन्ही शेजारी धरले.  मग म्हणाले की कॅमेऱ्याला काय समजतं, तू तिरपा धरला असशील. अठरा वेळा तिरपा कसा धरीन, असं विमलताईंनी विचारलं, त्यावर त्यांनी चष्मा काढून खिशात घातला.

"वखर वयवतानी हातभर जातेच," ते शेवटी म्हणाले. "सगयेच वयवतात. म्या कधी चोरी म्हून नाई केलं, विमल."

आणि ते खरंही असेल. हातभराची चोरी कोणाला चोरी वाटत नाही. शिवाय एकच खोटं दहा वर्षं बोललं की माणसाला ते आठवायलाही लागतं. वामनरावांना वाटणीच्या दिवशीचा सहा तासं आतला पळस डोळ्यांसमोर दिसत होता, म्हणून तर त्यांनी आपल्याच तोंडानं फोटोंचं नाव काढलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण त्यांच्या मनात ते चांदणंही उरलं नव्हतं.

विमलताईंनी हात जोडले. म्हणाल्या की आजच्या आज नाईकांकडे जा, चुकून झालं म्हणून सांगा, सहा तासं देऊन टाका, सहा तासांनी आपण काही मरत नाही. वामनराव म्हणाले की तासांचं कोण घेऊन बसलंय. तासं दिली म्हणजे देवराव खरा ठरला, आणि देवराव खरा ठरला म्हणजे भावाला चोरून लुटणारा, वर त्यालाच येडा ठरवणारा मी. त्या पंपासकट तो पडला ते मग गाव कोणाच्या अंगावर घालेल? हे ऐकून विमलताईंना त्यांची दया आली, ती त्या वेळी यायला नको होती तरी.

"मंग माती तं नका घेऊ," त्या म्हणाल्या.

"नाई घेतली तं बी चोरच."

निकिता दारात येऊन उभी राहिली होती. कालपर्यंत ती बापाच्या बाजूची; काकूनं आपल्या बाबांचं नाव बद्दू केलं म्हणून लग्नानंतर तिच्या घराची पायरी चढली नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "माह्यासाठी नका घेऊ."

"माती म्हंजे मातीच असते, पोरी. त्याच्यात काय हाये," वामनराव म्हणाले. पण बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

सकाळी विमलताई विहिरीवरून पाण्याची गुंडी घेऊन आल्या तेव्हा अंगणात वेगळाच उग्र वास येत होता. आंघोळीच्या पाण्याचा हंडा चुलीवर चढलेला आणि खाली ज्वाळ हिरवट निळी. ट्रंक उघडी होती. फोटो गेले होते, आणि रहमतनं जपून ठेवायला सांगितलेल्या रिळाच्या काळ्या पट्ट्याही. नुसते पळसाचे नव्हेत, सगळेच. कोतवाल गेला, चाळणीची सावली गेली, सासू दुसऱ्यांदा गेली. वामनराव काठीनं राख सारखी करत होते. वाळवीनं खाल्ले म्हणून सांगू, एवढंच ते म्हणाले, आणि त्याच पाण्यानं आंघोळ करून वावरात निघाले.

विमलताई रडल्या नाहीत. रडायला बसलं असतं तर उठणं झालं नसतं. निकितानं उशीखालून एक फोटो काढून त्यांच्या हातात दिला, नव्याण्णवचा. स्वतःला बघता बघता ती काल तो घेऊन झोपली होती. त्या फोटोत पळस आणि धुरा यांच्यात तीनच तासं होती. धुरा सरकला एवढं त्यात दिसत होतं, पण तो पळसापासून निघाला होता हे सिद्ध होत नव्हतं. विमलताईंनी तो पोलक्यात ठेवला आणि चप्पल न घालताच बाहेर पडल्या.

वावरात पंधरा-वीस माणसं जमली होती. चंदाबाई पळसाखाली उभी, खरोखरच विळा घेऊन. नाईक मोटेच्या दगडावर बसले होते, विमलताईंच्या त्या दगडावर. वामनरावांनी वाळवीचं सांगितलं. नाईकांनी विमलताईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, आणि नाईकांसारख्या माणसाला तेवढं पुरे होतं. तरी ते म्हणाले की मग मातीच. आताच्या धुऱ्यातलं ओलं ढेकूळ काढून, त्यावर निंबाचा डहाळा ठेवून, त्यांनी ते पानात पुढे केलं. वामनरावांनी टोपी काढली. त्यांचं टक्कल उन्हात चमकलं.

विमलताई पुढे झाल्या आणि ते ढेकूळ त्यांनी आपल्या हातात घेतलं.

"नाईक, घरच्या बाईनं माती घेतली तं चालते का?"

नाईकांनी ढेकळावरचा निंबाचा डहाळा सारखा केला. मग म्हणाले की माती बाई-माणूस पाहत नाही. वामनरावांचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, बायको आपलं पाप आपल्या डोक्यावर घेतेय. त्यांनी टोपीही परत घातली.

विमलताईंनी डोक्यावर माती ठेवली, विहिरीपाशी गेल्या, दगडाला पाठ केली. अठरा वर्षं ज्या रेषेवर डोळा लावला ती रेषा त्यांना फोटोवाचूनही दिसत होती. त्या आताच्या धुऱ्याकडे वळल्याच नाहीत. सरळ पळसाच्या दिशेनं निघाल्या आणि आपल्याच उभ्या पऱ्हाटीत शिरल्या. पोटऱ्यांना वाळक्या बोंडांची टोकं ओरबाडत होती, लुगड्याला कापूस चिकटत होता, ढेकळातलं पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं. पळसाच्या खोडाला खांदा घासून त्या पुढे गेल्या. चंदाबाई बाजूला सरली. मागून वामनराव म्हणाले, "बाई येडी झाली, नाईक. थांबवा तिले." कोणी थांबवलं नाही. त्या नाल्यापर्यंत चालल्या आणि तिथं ढेकूळ खाली ठेवलं. सहा तासं आता देवरावांच्या बाजूला राहिली होती.

"आता बोलू नका, वामनराव," नाईक म्हणाले. "स्वतःच्या नुकसानीची माती खोटी कोण घेईन?"

वामनराव उभे होते तिथून वळले आणि घराकडे न जाता फुलसावंगीच्या वाटेला लागले. ते संध्याकाळी परतले, पण विमलताईंच्या हातचं पाणी त्यांनी त्या दिवसापासून घेतलं नाही. निकिताच्या हातचं घेत, आणि ती सासरी गेल्यावर स्वतः माठातून घेऊ लागले. ते पुढचं.

माणसं पांगल्यावर विमलताई पळसापाशी आल्या. चंदाबाई तिथंच बसली होती, विळा बाजूला टाकून. सहा तासं परत मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता. विमलताईंनी पोलक्यातून फोटो काढून तिच्यापुढे धरला. घामानं एक कोपरा ओला झाला होता. म्हणाल्या की बाकीचे गेले, एवढाच राहिला, भाऊजींचा आहे, तुझ्याकडे असू दे. किती छान पाहताहेत कॅमेऱ्यात, असंही त्यांच्या तोंडून निघून गेलं.

चंदाबाईनं फोटो दोन्ही हातांनी धरला. उचललेला पाय, वळवलेली मान, समोर लागलेले डोळे.

"कॅमेऱ्यात नाई, ताई," ती म्हणाली. "मी तुमच्या बाजूले उभी होती, दगडापाशी. तुमी हासल्या, तवा मी बी हासली. मंग त्याईनं वयून माह्याकडे पाह्यलं."

विमलताई खाली बसल्या.  मग चंदाबाईनं फोटो पालथा करून मांडीवर ठेवला, आणि उद्याच्या पूजेसाठी पळसाच्या बुडाशी जागा हातानं साफ करायला लागली.